घडवणारीचं नाव

मी, द्वारका राजाराम कुदळे, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, मुक्काम श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, हे लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात माझं हृदय थकलंय. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तसा आणणारं या घरात कुणी जन्मलेलं नाही. इंग्रजी प्रत वकीलबाई करतील. ही मराठी माझ्या हातची, घरच्यांना कळावी म्हणून.

१. घर मुलगा अरुण याचंच आहे, ते मी काय देणार. माझा बिडाचा तवा त्याला. घावन त्यालाच जमतं.

२. सोन्याच्या पाटल्या सून उल्का हिला. तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. मनात दिली असतील, ती मी धरत नाही.

३. नात निधी. इथं जरा वेळ लागेल.

निधी झाली तेव्हा मी या देशात आले, भर बर्फात, चपला घालून. पोरीचं डोकं एका बाजूनं चपटं होतं. रोज तेल लावून, तळहातानं चेपून ते गोल मी केलं. बसकं नाक चिमटीत धरून वर काढलं. इथली डॉक्टरीण म्हणाली, असं काही होत नसतं. तिनं आता येऊन नाक बघावं. पुढं शाळा झाली, कॉलेज झालं, पण शुक्रवार संध्याकाळ माझी होती. केसांना तेल, थालीपीठ आणि गप्पा.

मग उल्काची आई, आमच्या विहीणबाई शरयूताई मोघे, पुण्याच्या कॉलेजातून रिटायर झालेल्या, इथं शेजारच्या वूस्टरला राहायला आल्या. इतिहास शिकवायच्या. एका शुक्रवारी त्यांनी निधीला म्युझियममध्ये नेऊन ग्रीक लोकांची जुनी मडकी दाखवली. तेव्हापासून शुक्रवार त्यांचा. अरुणच्या लग्नात वरमाय मी होते, पाय माझे धुतले, मानाची पैठणी मला मिळाली. ते सगळं त्यांनी मडक्यांनी भरून काढलं.

४. मीही एकदा ती मडकी बघायला गेले. मत्सर करायचा तर माहिती काढून करावा.

काचेत ठेवलेली. आधीच्या काळातल्यांवर तांबड्यावर काळी माणसं, नंतरच्यांवर काळ्यावर तांबडी. निधी म्हणाली, "आजी, हे बघ, यावर लिहिलंय, अमक्यानं मला घडवलं. मडकंच बोलतंय."

"आणि हे दुसरं नाव?"

"ज्यानं चित्र काढलं त्याचं."

"नाव कुणाचं झालं?"

"मोस्टली पेंटरचं, आजी."

शरयूताई म्हणाल्या, "द्वारकाबाई, कलेचा इतिहास तसाच असतो."

"मडकंच नसतं तर रंगवलं कशावर असतं हो?"

त्यांनी पर्स उघडून गोळी घेतली.

पुढं मेलेल्या माणसाजवळ ठेवायची एक उंच, पांढरी तेलाची कुपी होती. अशा काहींच्या आत दुसरी छोटी कुपी बसवलेली असते, म्हणजे थोड्या तेलात भरलेली दिसते. शरयूताईंचा दिवाळीचा डबा असाच येतो, वर चकली आणि खाली टिशू पेपर.

निधीनं फोनवर एक फोटोही दाखवला. एका चित्रकारानं आपल्याच मडक्यावर लिहून ठेवलंय, असं त्या अमक्याला कधी जमलं नाही. अडीच हजार वर्षं झाली, दोघं मेले, जळफळाट शाबूत. त्या अख्ख्या म्युझियममध्ये मला ओळखीचा वाटला तो हाच.

५. रोमन लोकांची भांडी बरीचशी साच्यातली, आपल्या साच्यातल्या मोदकांसारखी. निधीचं मन त्यांत नाही. तिचा जीव इटलीतल्या इट्रुस्कन लोकांवर. ग्रीकांची चांगली मडकी पुष्कळशी यांच्या थडग्यांत निघाली. घडवली ग्रीकांनी, मरेपर्यंत आणि मेल्यावरही मिरवली यांनी. हे लोक शरयूताईंना का आवडतात ते मला तिथंच कळलं.

तिथं खोदकामाला निधीला दोन वर्षांसाठी बोलावलंय. परक्यांच्या आज्यांच्या हाडांशेजारी ही उन्हात बसणार, आणि सख्ख्या आजीला शुक्रवारी वेळ नाही.

पण गेल्या महिन्यात ती अरुणला म्हणाली, "बाबा, मी नाही जात. आजीला बरं नाहीये." मी स्वयंपाकघरात होते. जिंकले असं वाटलं. डॉक्टरांना न विचारता श्रीखंड खाल्लं.

मग शरयूताईंचा फोन आला. निधीनं स्पीकरवर ठेवला होता. "तू बिनधास्त जा गं. द्वारकाबाईंचं मी बघते. रोज येऊन बसेन."

माझं बघणार. म्हणजे पोरगी जन्मभर सांगणार, एका आजीनं पाठवलं आणि दुसरीपायी अडकले होते. अडकवणारी मी, पाठवणाऱ्या त्या. असलं श्रेय मी त्यांच्या पदरात पडू देणार नाही.

६. म्हणून बँकेत माझं जे आहे ते निधीचं, माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून. तिकीट मी अरुणला कालच काढायला लावलं. ती नाही म्हणाली, रडली, मग बॅग शोधायला गेली. ती जाणार आहे.

ती तिथं असताना मी गेले, तर तिला त्याच दिवशी कळवावं, लपवू नये. तिनं मात्र यायचं नाही. अग्नी अरुण देईल. रडायचं तर तिथल्या मातीत बसून रडावं आणि हातातलं काम पुरं करावं.

७. शरयूताईंना काही नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. हे ऐकून एक साक्षीदार मी जागच्या जागी ठरवला. साक्षीदारानं सगळं वाचायलाच हवं असं कायद्यात नाही म्हणे. माझ्या कायद्यात आहे. निधीला मी पाठवलं, हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यावं.

श्रूजबरी, १४ ऑगस्ट २०२५

सही: द्वारका राजाराम कुदळे

साक्षीदार: प्रीता सबनीस, शेजारी

साक्षीदार: शरयू मोघे. सगळं वाचलं. निधीला द्वारकाबाईंनीच पाठवलं, हे खरं आहे. मी मात्र रोज येऊन बसणार. ते त्यांना कुठल्याही कलमानं थांबवता येणार नाही.