दोनशे पावलं राजधानी

पहिला महिना, दिवस नववा. सकाळ.
हानयांगला पोचलो. नवी राजधानी. राजवाडा उभा आहे, बाकी शहर व्हायचं आहे. आता भोवतीच्या डोंगरांवरून तट. प्रत्येक तालुक्याला एक तुकडा नेमून दिलाय, मुदत एकोणपन्नास दिवस. आमच्या उनपो तालुक्याच्या वाट्याला पूर्वेच्या उतारावरची दोनशे पावलं आली. सोडत काढली म्हणतात. मला नाही वाटत. तालुक्याचा कारकून म्हणून देखरेखीला मी, प्यो इन्मून, येणार हे वर कोणाला तरी माहीत असणार.
संकल्प: सगळ्यांच्या आधी तुकडा पूर्ण करायचा. त्यावर राजधानीत जागा मिळेल, नोकरीची आणि घराची, दोन्ही. बायकोला तसं सांगूनच निघालोय. ती म्हणाली, "आधी जाऊन तर या."

दिवस अकरावा.
जमीन दगडासारखी टणक. कुदळ मारली तर ठिणगी उडते. पाथरवटांचा मुख्य माकदोंग म्हणून साठीचा म्हातारा आहे. म्हणतो, "ही थंडीने धरलेली जमीन आहे, कारकूनसाहेब. वरचे चार हात गोठलेत. शेकोट्या पेटवायच्या, माती मऊ करायची, गोठलेल्या थराच्या खाली जाऊन पाया घालायचा."
किती दिवस लागतील विचारलं. म्हणाला, "पंधरा."
एकोणपन्नासातले पंधरा दिवस जमीन शेकत बसायचं! मी त्याला समजावलं की पाया कशासाठी खणतात? टणक जमीन मिळावी म्हणून. आपल्याला ती वरच मिळाली. त्याने हातातली कुदळ खाली ठेवली. बहुतेक असा विचार त्याने कधी केला नसावा.

दिवस बारावा.
बांधकाम सुरू. पाया नाही.

दिवस सोळावा.
शेजारच्या तुकड्यावर यांग दालसू आहे. त्यांच्या तालुक्याचा कारकून. सगळा उतार शेकोट्यांनी भरून टाकलाय आणि हा गृहस्थ कमरेइतक्या खड्ड्यात उभा. आमची भिंत गुडघ्यापर्यंत आली, यांगची अजून जमिनीखालीच आहे. आज मी वरून वाकून म्हटलं, "काय यांगभाऊ, राजधानी खाली बांधायची ठरली का?" आमची माणसं हसली. यांग म्हणाला, "हसा हसा, प्योभाऊ. हात तेवढा धरा, वर येऊ द्या." हात दिला. मन मोठं असावं.

दिवस एकविसावा.
शहराच्या आखणीत बऱ्याच चुका दिसतात. राजवाड्यासमोरचा रस्ता उगीच रुंद. घंटेची जागा एका बाजूला. बाजाराचा वास वाऱ्याबरोबर थेट कचेऱ्यांत जाईल. घरांच्या जागा हुद्द्याप्रमाणे द्यायचं ठरलंय, कामाप्रमाणे नाही. अकरा सूचनांचं पत्र लिहून तटाच्या कचेरीत दिलं. कागद चांगला, जाड वापरला. निरीक्षक नामगुंग यांनी कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा, जाड आहे."

दिवस सत्ताविसावा.
कचेरीत गेलो होतो. माझं पत्र खिडकीच्या चौकटीला, वारा अडवायला कागद लावतात तिथे, चिकटवलंय, आधीचा फाटका कागद काढून. येता जाता डोळ्यांसमोर राहावं म्हणून. सातवी सूचना उजेडात फार छान वाचता येते.

दुसरा महिना, दिवस तिसरा.
गावाकडचा चुलतभाऊ बदलीची माणसं घेऊन आला. त्याच्याबरोबर बायकोला निरोप: सोयाबीन मुरवायचे रांजण शेजाऱ्यांना देऊन टाक, शरदात राजधानीत यायचंय. इकडे नवे घेऊ.

दिवस नववा.
हुकूम आलाय की प्रत्येक तुकड्याच्या एका दगडावर तालुक्याचं नाव आणि देखरेख करणाऱ्याचं नाव कोरायचं. वाचून अंगावर शहारा आला. आमच्या घराण्यात कोणाचं नाव दगडावर नाही. वडिलांचं तर कागदावरही नीट नाही.
माकदोंगला म्हटलं, सगळ्यात मोठा दगड, मधोमध, नजरेच्या उंचीवर. अक्षरं वीतभर. तो म्हणाला, "साहेब, हे कशासाठी कोरून घेतात ठाऊक आहे ना? भिंत पडली की कोणाला धरायचं ते कळावं म्हणून."
म्हाताऱ्याला भिंतीकडे बघून पडणंच सुचतं. दृष्टीचा दोष आहे. दोन चांगले पाथरवट पाच दिवस फक्त नावावर लावले.

दिवस चौदावा.
यांगने आपलं नाव अगदी खालच्या थरात, गवत उगवेल तिथे, तळहाताएवढं कोरून घेतलं. आत्मविश्वास नाही.

दिवस एकविसावा.
ऊन चांगलं पडतंय. ओढ्यावरचा बर्फ तडकला. आपल्या भिंतीला मध्यावर किंचित पोट आलंय. माकदोंगने दोरी लावून दाखवलं. मी म्हटलं, दोरी ताणलेली नाही. त्याने ताणली. मी म्हटलं, आता जास्त ताणली.

दिवस पंचविसावा.
पूर्ण! मुदतीच्या तीन दिवस आधी, सगळ्या पूर्व उतारावर पहिले. निरीक्षक नामगुंग स्वतः आले. माझ्या नावासमोर थांबले, मोठ्याने वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. माझ्यादेखत. मी विचारलं, पुढे कळवाल ना? म्हणाले, "गरज पडली की लगेच."
डोळ्यांत पाणी आलं. तांदळाच्या गढूळ दारूचा एक घडा सगळ्यांना पाजला. माकदोंग प्यायला नाही. जाताना भिंतीला हात लावून गेला, आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा.

तिसरा महिना, दिवस दहावा. उनपो.
घरी. बायकोने एकही रांजण दिलेला नाही. म्हणते, "जागा कुठे आहे ती दाखवा, मग देते." मी स्वतः दोन रांजण उचलून शेजारी नेऊन दिले. शेजारीण घेताना म्हणाली, "परत लागले तर सांगा हं." तोंडावर हसू होतं.

पाचवा महिना, दिवस दुसरा.
अजून बोलावणं नाही. मोठ्या कामांना वेळ लागतो. नवी टोपी करायला टाकली, घोड्याच्या केसांची, राजधानीत अधिकारी घालतात तशी.

सातवा महिना, दिवस अठरावा.
आलं! राजधानीहून स्वार, तटाच्या कचेरीचा शिक्का. चावडीवर सगळ्यांना जमवून मोठ्याने वाचायला घेतलं. "उनपोचे कारकून प्यो इन्मून यांचं नाव दगडावर स्पष्ट वाचता आल्यामुळे..." इथवर वाचून थांबलो. लोकांनी वाहवा केली. पुढचं मनातल्या मनात वाचलं.
बायकोने विचारलं, "पुढे काय लिहिलंय?" म्हटलं, तातडीने या, असं लिहिलंय. ते खोटं नव्हतं.
ती शेजारी गेली आणि दोन्ही रांजण परत घेऊन आली.

आठवा महिना, दिवस सहावा. हानयांग.
नवी टोपी घालून गेलो. आमच्या दोनशे पावलांतली मधली साठ पावलं उतारावरून खाली ओढ्यात गेलीत. गोठलेली जमीन वितळल्यावर खालची माती सरकली, उरलंसुरलं पावसाने पुरं केलं. शेजारची यांगची भिंत मात्र दोरी धरल्यासारखी सरळ उभी आहे. यांगला बोलावलेलंच नाही.
माझा दगड ओढ्याच्या काठावर उताणा पडलाय. ओरखडासुद्धा नाही. निरीक्षक नामगुंग म्हणाले, "अक्षर फार सुरेख. पलीकडच्या काठावरून वाचलं आम्ही." हुकूम असा की पडलेला भाग ज्याचा त्याने बांधायचा, आणि ज्याचं नाव त्याने मजुरांबरोबर स्वतः राबायचं. राहायला तटाच्या आत झोपडी दिलीय. म्हणजे राजधानीत जागा मिळाली. बायकोला हे कसं कळवायचं ते सुचत नाही.
आज लाज वाटली. इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

दिवस सातवा.
दुपारी माकदोंग माझ्या दगडावर बसला होता. मी समोर उभा राहिलो. म्हणाला, "या वेळी नाव बाहेरच्या बाजूला ठेवायचं की आतल्या, कारकूनसाहेब?"
विचार केला. मग जरा दरडावून म्हटलं, "ते नंतर. आधी पाया खणायला घ्या. चांगला चार हात."
म्हातारा उठला नाही. म्हणाला, "कुदळ तुमच्याच हातात आहे."
बघितलं. होती.