पाण्याच्या दिवशी शाळेचं गेट

प्रिय केयूर,

'प्रिय' लिहून जरा थांबले. खोडावंसं वाटलं. पण चौथीपासून तू मला प्रियच आहेस आणि रागावायला ते आड येत नाही, म्हणून राहू दिलं. हाताने लिहितेय, कारण तुझ्या ईमेलला उत्तर दिलं की ते आणखी कुणाकुणाकडे जातं. हे फक्त तुझ्यासाठी आहे.

आधी खुशाली. माझा गुडघा बरा आहे. तुझी आई परवा गुलमंडीत भेटली, पिशवीभर मेथी घेऊन उभी होती. म्हणाली, आमच्या केयूरला हल्ली जेवायलाही फुरसत नाय, शाळेत नवी संस्कृती घडवतोय. मी मान डोलावली. त्या माउलीला काय सांगणार? तिच्या हाताची मेथीची भाजी खाऊन वाढलेला मुलगा असं काही करतोय, हे तिला खरंही वाटलं नसतं.

तू सिंगापूरहून परतलास, या आंतरराष्ट्रीय शाळेचा मुख्याध्यापक झालास आणि पहिलं काम केलंस ते माझ्या घरी येऊन मला निवृत्तीतून उठवण्याचं. म्हणालास, बाई, प्राथमिक विभाग तुम्हीच सांभाळा, मला शाळा बदलायची आहे. शिक्षकांच्या पहिल्याच बैठकीत तू सांगितलंस की इथे कुणी कुणाच्या मागे बोलणार नाही, जे असेल ते तोंडावर, आणि हे मी दमयंतीबाईंच्या वर्गात शिकलो. माझे डोळे भरून आले होते. बाकीच्यांना वाटलं एसी फार लागतोय.

कारण तो नियम खरंच माझ्या वर्गाचा होता. ज्याचं त्याला आधी. कुणी चहाडी घेऊन आलं की मी परत पाठवायची, जा, आधी त्याला सांग, त्याने ऐकलं नाही तर दोघं मिळून या. तू त्याचं छान इंग्रजी केलंस, 'करेजस कॉन्व्हर्सेशन', आणि जिन्यापासून स्वच्छतागृहापर्यंत भिंतीवर लावलंस. मी तेव्हाही चिडवलं होतं की जिथे लावलंयस तिथे तरी माणसाला गप्प बसू दे. तू हसला होतास. ते हसू कुठे गेलं रे?

तुला अप्पाराव सर आठवतात? आमचे हेडमास्तर, हातात कायम वेताची छडी. पाणी तेव्हाही नळाला रोज येत नव्हतं. पाण्याच्या दिवशी जुन्या शहरातली निम्मी शाळा उशिरा यायची आणि दारातच हातावर छडी खायची. मुलं माझ्याकडे रडत आली. मी नेहमीचं सांगितलं, ज्याचं त्याला आधी. कुणाची छाती होईना. तू गेलास. चड्डी भिजलेली, हंडा धरून बोटं लाल झालेली, आणि सरांसमोर उभा राहून विचारलंस, "सर, छडी मारल्यानं नळ लवकर येतो का?" मी दाराशी होते. मला वाटलं, आता पोराची काही खैर नाही. अप्पाराव सरांनी तुझे हात धरून बघितले. मग छडी टेबलावर ठेवली आणि त्या दिवसापासून आमच्या शाळेत पाण्याच्या दिवशी उशीर माफ झाला. कडक माणूस होता, पण ऐकून घेण्याची त्याला लाज वाटली नाही.

आता तुझी शाळा बघ. सकाळी तू सुटाबुटात गेटवर उभा राहतोस, येणाऱ्या प्रत्येक मुलाशी हात मिळवतोस. चांगलं आहे, मला आवडतं. आणि घंटा झाली की गेट बंद. उशिरा आलेल्यांनी बाहेर ताटकळायचं आणि आत घेतल्यावर 'रिफ्लेक्शन रूम'मध्ये बसून आपण का चुकलो यावर विचार करायचा. ज्यांच्या बंगल्यात टँकर येतात, त्यांची मुलं त्या खोलीत कधी दिसत नाहीत. दिसते ती श्रेया. पाचवीतली, राखीव जागेवर आलेली, माझ्या घरामागच्या गल्लीत राहणारी. तिची आई मोनिका वाळूजला कंपनीत पहिल्या पाळीला जाते, वडील फर्दापूरला पर्यटकांच्या गाड्या चालवतात, आजी सारजाबाईंना खाटेवरून उठवत नाही. घरात पाणी ओढायची मोटार नाही, टाकी नाही. पाणी आलं की भरणारी ती एकटी. भरून होईपर्यंत शाळेची बस गेलेली असते, मग पोरगी रिक्षा बदलत बदलत येते आणि बंद गेटसमोर उभी राहते.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी तुझ्याच भिंतीकडे बोट दाखवलं. म्हटलं, सरांना जाऊन सांग, ते ऐकतील. केयूर, मी त्या मुलीला शब्द दिला होता की तू ऐकशील. ती तुझ्या केबिनमध्ये आली. मी मागे उभी होते, तशीच दारापाशी. ती म्हणाली, "सर, पाणी कधी सोडायचं ते माझ्या हातात नाय. गेट कधी लावायचं ते तुमच्या हातात आहे ना?" आवाज चढवला नाही, उद्धटपणा केला नाही. आणि तू काय केलंस? मोबाईल उलटा ठेवलास आणि तिला इंग्रजीत सांगितलंस की हा सूर योग्य नाही, यशस्वी माणसं सबबी सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुण्यांना शाळा दाखवणाऱ्या मुलांमधून तिचं नाव गेलं. कारण काय, तर वृत्ती! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अरे, तुझी भिंत तिने वाचली एवढाच तिचा गुन्हा. बाकी कुणी ती वाचतसुद्धा नाही.

मी संतापले आहे. तुझ्यावर आहे, आणि ते साखरेत घोळवून सांगणार नाही. शाळा घासूनपुसून चकचकीत करणाऱ्यांना या ना त्या शहरात नोकरी मिळतेच. पण तू परत आलास तो आपल्या गावात आलास, ओल्या चड्डीतला तो मुलगा बरोबर घेऊन आला असशील असं मी धरून चालले होते. तो तू सिंगापूरला ठेवून आलास का? आणि मला 'बाई'ची 'दमयंती मॅम' केलीस ती चारचौघांत शोभावी म्हणूनच ना? मला राग येतो तो याचाच, की अप्पाराव सरांची छडी तरी दिसायची. तुझी दिसत नाही, तिच्यावर सुविचार लिहिलेत.

काल मोनिका ड्यूटीवरून थेट माझ्याकडे आली. दाखला काढायचा म्हणाली. "बाई, लेकरू लई गप झालंय. आमाला नको असली मोठी शाळा." मी तिला थांबवलंय, फक्त एका पाण्याच्या दिवसापुरतं. पुढचं पाणी गुरुवारी आहे. तुझे पाहुणेही गुरुवारीच येताहेत. हे मी जुळवलेलं नाही, नळाने जुळवलंय. त्या सकाळी मी माझ्या घरची पाण्याची मोटार सुरू करून श्रेयाच्या घरी जाणार आहे. आम्ही दोघी मिळून पाणी भरू, सारजाबाईंना चहा देऊ आणि मग निघू. शाळेत घंटा झालेली असेल. तुझ्या प्राथमिक विभागाची प्रमुख आणि पाचवीतली श्रेया, दोघी ओल्या कपड्यांनी तुझ्या गेटवर उभ्या असू. बंद ठेवलंस तर मी तिच्याबरोबर परत फिरेन, तिचा दाखला मीच काढून देईन आणि त्यासोबत माझा राजीनामाही येईल. उघडलंस तर हात पुढे कर, आधी तिच्याशी मिळव. तुला गाफील गाठायचं मनात असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं. पण ज्याचं त्याला आधी. म्हणून तुला आधी सांगितलं.

तुझीच,
बाई