सातवी टेप

बसवकल्याण,
१२ नोव्हेंबर १९८९

प्रिय गौरू,

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. एकदा अप्पांसमोर मोठ्यानं आणि एकदा एकटीनं, कारण मोठ्यानं वाचताना मधल्या दोन ओळी मी गाळल्या होत्या. पुण्याच्या संग्रहालयाची माणसं सत्तावीसला, सोमवारी, माझ्या टेपा न्यायला येणार, तू सोलापूरहून त्यांच्यासोबत येणार, तुझा ट्रान्झिस्टर बंद पडलाय, हे सगळं वाचलं. 'दुकानात मी पाऊल टाकणार न्हाई, अप्पांशी बोल म्हणून सांगू नकोस' हे तेवढं गिळलं. पण अगं, जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस तो. मध्येच आवाज तुटला तर त्यांना कळत न्हाई व्हय? त्यांनी फक्त तारीख कोणती, तेवढं परत विचारलं.

बाकी आम्ही मजेत आहोत. गुडघा कुरकुरतो, पण आता गॅस आलाय, उभ्यानं स्वयंपाक होतो. शेजारची सिद्धव्वा रोज येऊन विचारते, पुण्याची माणसं एवढ्या लांब येऊन तुझं घूं घूं न्यायलीत, त्यांच्या गावात घूं घूं मिळत न्हाई काय? मी म्हणते, असलं मिळत न्हाई! तू लिहिलंस की ते मला संगीतकार म्हणतात, आणि इतक्या आधी असं काम केलेली बाई त्यांना माहीत न्हाई. वाचून मला हसू फुटलं आणि खोटं कशाला सांगू, दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. मेंढरांमागं वाढलेली पोर मी. पेटीला कधी हात लावला न्हाई.

ठरवून काहीच केलं न्हाई बघ. लग्न होऊन आले तेव्हा दुकान आणि घर एकच, मध्ये नुसता पडदा. अप्पा जेवायला आत आले की मी बाहेर बसायची. एकदा दोन रेडिओ शेजारी-शेजारी चालू राहिले होते. एकाचा काटा फिरवला तशी दुसऱ्यानं शीळ घातली, लांब, बारीक, माझा बाप कळप वळवताना घालायचा तशी. अय्यो! मी काटा पुढं-मागं करतेय आणि शीळ चढतेय, उतरतेय. त्या दिवशी अप्पांना आमटी गारच खावी लागली.

पुढं सोमशेखर मास्तरांचं स्पूलचं मशीन, मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर, दुरुस्तीला आलं. मास्तरांची बदली झाली तेव्हा ते म्हणाले, नागूबाईंनाच त्याची गोडी लागलीय, राहू द्या. मग काय विचारतेस! रेडिओच्या शिळा टेपवर भरायच्या, ब्लेडनं टेप कापायची, चिकटपट्टीनं जोडायची, दोन्ही टोकं जोडलेली टेप लोणच्याच्या बरणीभोवती फिरवायची. मेंढीच्या गळ्यातली घंटी भरून अर्ध्या वेगानं लावली की ती देवळातल्या घंटेसारखी घुमते, हे मला कुणी शिकवलं न्हाई. पण सोल्डर मारायला अप्पांनी शिकवलं, आणि बरणी हलू नये म्हणून धरून तेच बसायचे. हे तू विसरतेस.

सातव्या टेपेला मला दीड वर्ष लागलं. 'मेंढवाडा' तिचं नाव. दिवस मावळताना कळप लांबून येतो, एकेक घंटी ओळखू येते, आणि वाड्यात शिरल्यावर सगळ्यांचा मिळून एकच घुमारा होतो, ते सगळं नुसत्या शिळांतून आणि मशीनच्या घुमण्यातून उभं केलं होतं. ती पुरी झाली त्या दुपारी डोळे मिटून ऐकली. बाप समोर येऊन उभा राहिला, गौरू. मला रडू आलं. इतकं सुखाचं रडू मला पुन्हा कधी आलं न्हाई. तू तिथंच भातुकली मांडून बसली होतीस, सहा वर्षांची.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर टेप पुसलेली. अप्पा म्हणाले, मी पुसली, घूं घूं करत होती, मला वाटलं बिघडली. एवढंच. पुढं काही न्हाई. महिनाभर मी त्यांच्याशी बोलले न्हाई, चहाचा कप आदळून ठेवायची. मला सारखं वाटायचं, ज्या माणसानं बरणी धरली त्याला एवढंही कळू नये? मग राग ओसरला, मी आठवी केली, आणखीही केल्या. पण सातवी ती सातवी. ट्रंकेच्या तळाशी टाकली ती टाकलीच.

तू मोठी झालीस, माझ्या टेपा ऐकून वेडी झालीस, आणि चार वर्षांमागं भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, अप्पांना म्हणालीस की बायकोचं नाव होईल म्हणून तुम्ही ती पुसली. अप्पा हातातला रेडिओ खोलत राहिले. मी पडद्याआड उभी होते आणि गप्प राहिले. आज कबूल करते, मला आतून थोडं बरंच वाटलं होतं. चुकलं माझं.

कारण परवा यादी करायला बसले आणि वीस वर्षांत पहिल्यांदा सातवी लावली. कोरीच असणार असं धरून चालले होते. बराच वेळ नुसती खरखर. मग अप्पांचा आवाज, कोवळा. दुरुस्ती झाली की ते बोलून बघतात ना, तसंच, हॅलो हॅलो, बसवकल्याण, एक दोन तीन. आणि मग तू. 'अप्पा, नीट झालं व्हय? घूं घूं गेलं? आता अव्वा रडायची न्हाई ना?' आणि अप्पा म्हणतात, 'न्हाई रडायची. माझ्या लेकीनं सांगितलं आणि मी दुरुस्त केलं.'

मी मशीन बंद केलं. मग बाहेर जाऊन त्यांना विचारलं, इतकी वर्षं हे सांगितलं कामून न्हाई? ते मान वर न करता म्हणाले, लेकरू होतं, तुला हसवायला आलं होतं. तिच्यावर कामून घालायचं? मी म्हटलं, आणि ती चार वर्षांमागं एवढं बोलली तेव्हा? तर म्हणाले, तेव्हा तर मुळीच न्हाई.

गौरू, तुला लाजवायला हे लिहीत न्हाई. तुझं काही चुकलं न्हाई, माझे डोळे ओले बघून धावलेलं लेकरू तू. लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. अप्पांनी पिशवी भरलीय. सव्वीसला, रविवारच्या पहिल्या गाडीनं बिराप्पा काकांकडं औरादला जातो म्हणतात, शेतात काम आहे म्हणे, पुण्याची माणसं गेली की येईन. जन्मात कधी विळा धरला न्हाई त्या माणसानं! तुला घरात मोकळं वाटावं म्हणून स्वतःच्या घरातून निघालेत. मी पिशवी दोनदा रिकामी केली, त्यांनी दोनदा भरली. माझ्यानं ते थांबायचे न्हाईत. तेव्हा तू त्या लोकांसोबत सोमवारी येऊ नकोस, पंचवीसला, शनिवारीच ये. सातवी टेप द्यायची की घरात ठेवायची, ते तिघं बसून ठरवू. एस्टीतून उतरलीस की मागच्या दारानं घरात न येता सरळ दुकानात शीर. माफीबिफी मागू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होतं. तुझा तो बंद पडलेला ट्रान्झिस्टर तेवढा त्यांच्या पुढ्यात ठेव आणि म्हण, अप्पा, हे नीट करा की.

तुझीच,
अव्वा