अवो, आग!

मुक्काम मोहर्लीजवळ, कार्तिक महिना

नागभीडवासी राजमान्य गुणवंतभाऊ यांस धाकट्या जावयाचा, म्हणजे मुखरूचा, वाकून नमस्कार. वहिनींची कंबर, लेकरं आणि ती मारकी म्हैस सुखरूप असतील अशी आशा आहे. तुमची बहीण कमळा तर खुशाल असेलच (रागावली की तिची तब्येत सुधारते). तुमच्याकडे आल्या आल्या तिने तुम्हाला जे सांगितलं ते खोटं नाही. पण ते दाराबाहेरून पाहिलेलं आहे. आतून काय घडलं ते मीच सांगू शकतो.

दिवाळीला तुम्ही आमच्या परसात उभं राहून बजावलं होतं, की शेकोटीचा खड्डा खोल खणा, बैलांच्या वाळल्या तणशीच्या ढिगापासून लांब ठेवा, जवळ पाणी ठेवा आणि वेळूचं बंद कांडं आगीत टाकू नका. भाऊ, मी सगळं पाळलं. खड्डा खणला. पाण्याचा घडा ठेवला (तो बैलाने पिऊन टाकला, त्याला मी काय करणार?). तुम्ही दाखवलेल्या चिंचेखाली मात्र वारा फार झोंबतो, म्हणून खड्डा थोडा आडोशाला घेतला. आडोसा तणशीचाच होता. कमळा नको नको म्हणत होती, पण घरच्या माणसाचं ऐकलं तर शेजारी काय म्हणतील? कांडं टाकलं ते केवळ ओली लाकडं पेटेनात म्हणून.

दिवेलागणीला मी आत भाकर खात होतो. बाहेर फाट्‌दिशी कांडं फुटलं आणि ठिणग्या तणशीवर गेल्या. आता कमळा नवऱ्याचं नाव घेत नाही, हे तुम्हीच लावलेलं वळण. ती ओरडली, "अवो, आग! अवो, आग!" भाऊ, एकदा भरभर म्हणून पाहा. मला ऐकू आलं "वाग! वाग!" त्याच आठवड्यात गावातल्या बिरजूचा गोऱ्हा वाघाने नेला होता, कान तिकडेच लागलेले. मी उठलो आणि दाराला कडी लावली. (कमळा बाहेर आहे हे कडी लावल्यावर आठवलं. आठवलं, हे महत्त्वाचं.) मग आतूनच "वाग आला" म्हणून गाव उठवला. गाव मदतीला धावला, पण वाघ हाकायला, म्हणून प्रत्येकाच्या हातात पेटता टेंभा! शेवटी शेजारच्या रुखमाबाई ओरडल्या, "काहाचा वाग जी? तणस जळून राह्यली! टेंभे दूर न्या!" त्या आणि कमळा, दोघींनी सड्याचं शेणपाणी ओतून आग विझवली. बैलांचा निम्मा चारा गेला, मळणीसाठी रचलेलं धानाचं पुंजणं वाचलं.

सकाळी कमळेने गाठोडं बांधलं. म्हणाली, "मले बाहेर ठेवून कडी लावली ना? आता आतच ऱ्हा." तेव्हापासून मी आतच आहे. तरी सर्वांनी शेकोटीबाबत सावध राहावं, एवढंच कळवण्यासाठी हे पत्र.

आपला आज्ञाधारक,
मुखरू

ता. क. खड्डा चिंचेखाली नेला आहे. वारा झोंबतो. कमळेला सांगावं, की इथून पुढे आगीच्या वेळी तिने खुशाल माझं नाव घेऊन हाक मारावी. (फक्त आगीच्या वेळी.) बरं, एरवीही चालेल.

पुन्हा ता. क. हे पत्र आणणाऱ्या लटारूबरोबर पाठवलेलं पुडकं तिच्याच हाती द्यावं. त्यात आमच्या दाराची कडी आहे. येताना तिने ती घेऊन यावी, लावायची की नाही ते तिने ठरवावं. तोवर दार उघडंच आहे. ती नसल्याने घर खायला उठलं आहेच. बिरजूचा गोऱ्हा नेणाराही खायला उठायच्या आत तिला धाडावं.