सौर पंपावरची सावली

पेडगाव, सोमवार, पौष

बऱ्याच दिवसांनी या वहीत लिहितोय, माफी असावी. मन थाऱ्यावर नव्हतं.

विहीर माझी आणि पुतण्या दत्ताची सामाईक. सरकारी सौर पंप त्याच्या नावावर यावा म्हणून मी संमतीची सही दिली. पाण्याची पाळी ठरली होती. त्या भरवशावर माझं डिझेल इंजिन भंगारात घातलं. आता पंप त्याचा आणि पाणीही त्याचंच. माझा गहू पिवळा पडलाय.

म्हणून बांधावरचा माझा कडुलिंब यंदा छाटलाच नाही. दुपारी झाडाची सावली दत्ताच्या सौर प्लेटांवर येते आणि पंप धापा टाकतो. आज दत्ता आला.

"काका, फांद्या तोडा की. पंप बंद पडायलाय."

"सरकारच म्हणायलंय, झाडं जगवा. मी काय सरकारच्या बाहेर हाय?"

तो आल्या पावली माघारी गेला. लय बरं वाटलं. त्याचा पंप बंद म्हणजे माझी पाळीही बंद, हे कळतं मला. कळू दे. सावली अजून वाढू दे. पण त्यानंच झाड तोडलं तर? उद्यापासून बाज बांधावरच टाकतो.

दत्ता, तोंडावर विचारवत नाही म्हणून इथं लिहितो: माझी पाळी कोणत्या दिवशी, एवढा निरोप धाड. लवकर धाड, गहू थांबणार नाही.