सगळ्यांचं एकच फोल्डर

सोमवार, ३ मार्च
नवी नोकरी, नवी वही! आजपासून मी निवारागृहाची कारकून. नवऱ्याच्या मारझोडीतून सुटलेल्या बायका इथे लपून राहतात, म्हणून दारावर पाटी नाही. शेजाऱ्यांना वाटतं, शिवणाचा क्लास आहे. पाच खोल्या, मागे कपडे वाळत घालायचं अंगण, आणि ऑफिसात एक कॉम्प्युटर. तो चालू होईपर्यंत चहा पिऊन कप विसळूनही होतो. संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाई कडक आहेत, पण हसल्या की अख्ख्या हलतात. सहा वर्षांची एक पोर सतत आईच्या मागे मागे असते. सगळे तिला मुंगी म्हणतात. तिनं आल्या आल्या माझ्या पर्सची झडती घेतली.

गुरुवार, ६ मार्च
कॉम्प्युटरला वैतागून शक्कल लढवली. सगळ्यांच्या कागदांचे फोटो माझ्याच मोबाइलवर काढले आणि क्लाउडवर एका फोल्डरमध्ये टाकले. मोठ्या बाईंचा मोबाइलही त्यालाच जोडून दिला. फोनवर फोटो आला की आपोआप वर जातो, बोट हलवायला नको. ऑफिसचं काम घरच्या फोनवर नको, म्हणून त्या आधी कुरकुरल्या. एक हरवलेला कागद चुटकीसरशी काढून दिला तेव्हा म्हणाल्या, पोरी, इतके दिवस कुठे होतीस!
मुंगीला शाळेचा दाखला हवाय. तिच्या जुन्या शाळेला फोन केला, माझ्याच नंबरवरून.

सोमवार, १० मार्च
शाळेतल्या क्लार्कचा फोन आला. माणूस फार गोड बोलला. दाखला ऑनलाइन पाठवतो, तुमच्या फोनवर सहा आकडी कोड येईल तेवढा सांगा, म्हणाला. सांगितला. दाखला अजून आलेला नाही.

बुधवार, १२ मार्च
फोल्डरमध्ये आमच्या फाटकाचा फोटो आहे. रस्त्याच्या पलीकडून काढलेला. मोठ्या बाईंनी काढला असेल.

गुरुवार, १३ मार्च
आणखी दोन. मागचं अंगण. दोरीवर मुंगीचा पिवळा फ्रॉक.
मोठ्या बाईंना आडून विचारलं. त्यांनी एकही काढलेला नाही. शाळेत फोन लावला. क्लार्क एक बाई आहेत. त्यांनी मला फोन केलाच नव्हता. मुलीचे वडील मात्र चौकशीला आले होते, आणि त्यांना माझा नंबर —
म्हणजे तो कोड माझ्या फोल्डरचाच होता. पासवर्ड बदलला. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात नोकरी गेली तर आईला काय तोंड दाखवू?

शुक्रवार, १४ मार्च
पासवर्ड बदलूनही फोटो आला. बसस्टॉपवर मी. आजचेच कपडे.
मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी माझा मोबाइल बंद करून कपाटात कोंडला, पोलिसांना कळवलं. मायलेकींना उद्या बारा वाजता दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं. मुंगीची आई एवढंच म्हणाली, तो शोधणार हे माहीत होतं, इतक्या लवकर शोधेल असं वाटलं नव्हतं.
गाडीवाल्यांनी मोठ्या बाईंच्या मोबाइलवर पावतीचा फोटो पाठवला. गाडीचा फोटो, नंबर, वेळ, सगळं त्यावर. जिवात जीव आला.

शनिवार, १५ मार्च, अकरा चाळीस
गाडी वीस मिनिटं आधीच आली. पांढरी. नंबर मी स्वतः पावतीशी ताडून पाहिला, एकेक आकडा. ड्रायव्हरनं अदबीनं बॅगा ठेवल्या. मुंगीनं काचेला नाक चिकटवलं. गेल्या एकदाच्या.

बारा
फाटकाशी हॉर्न. पांढरी गाडी. तोच नंबर. ड्रायव्हर विचारतोय, दोघी कुठे आहेत.

बारा पाच
मोठ्या बाई पोलिसांशी बोलतायत. मला म्हणाल्या, सगळं लिहून ठेव, वेळेसकट. लिहितेय.
मुंगीच्या आईचा फोन बंद —
पावती मोठ्या बाईंच्या मोबाइलवर — तिथून आपोआप वर — जोडून मीच दिला होता, मीच —

बारा नऊ
ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं. नवा फोटो, दोन मिनिटांपूर्वीचा. गाडीची मागची सीट. मुंगी आहे. एकटी. शेजारी तिची आई नाही, नुसती आईची एक चप्पल आणि —