आपल्याच लोकरीचं घोंगडं

वरवे बुद्रुक

नाथादादा,

त्या दिवशी तू साबणाने आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आलास. तुझा रिकामा खांदा मी प्रथमच पाहिला. माझ्या दम्यामुळे तू स्वतःचं घोंगडं कळपापाशी ठेवलं होतंस, आणि माझ्यासाठी नवं आणलं होतंस.

"आपल्याच मेंढरांची लोकर हाय, परकी न्हाई. ती कशी बाधंल?" तू म्हणालास.

डॉक्टर म्हणाले होते, की जन्मभर सोसलेली लोकरही चाळिशीनंतर शरीर नाकारू शकतं. मेंढरांपासून लांब राहायचं, खिशात पंप ठेवायचा. हे तुला मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. घोंगडं खांद्यावर घेतलं. तू हसलास. "कालेजात शिकलं तरी पोरगं धनगराचंच."

तू एसटीत बसलास आणि माझा श्वास अडकला. तुझ्या भावजयीने मला दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला. तेव्हा भीती वाटली का, ते आठवून पाहतो. काहीच वाटल्याचं आठवत नाही.

"दादांना सांगा की आता," ती म्हणाली.

तुला दुखवायचं नव्हतं, की माझी मेंढरं कायमची सुटली हे मलाच कबूल करायचं नव्हतं, ते अजून ठरत नाही. लोकर कातरणीला माझ्या जागी दुसरा माणूस बघ, एवढंच लिहायला बसलो आहे.

सकाळी तुझा फोन आला होता. "रविवारी येतूस नव्हं? तुज्या कातरीला धार लावून ठिवलीया."

"येतो," मी म्हणालो.

तुझा,
सिद्धनाथ